पुरंदरच्या अग्निवीराचा पगार : एका घरच्या वहीची उलटतपासणी

या प्रकरणात कुणाचा पगार अडकलेला नाही, कुणी कुणाला फसवलेलं नाही. घरच्यांनी वहीत लिहिलेला एकेक आकडा सुटा पाहिला तर त्यालाही काही ना काही आधार आहे. तरीही त्या आकड्यांच्या भरवशावर हे घर दहा वर्षांच्या कर्जात उतरायला निघालं होतं, आणि ज्याच्या पगारावर कर्ज काढायचं त्या मुलाची नोकरी होती चार वर्षांची. असे हिशेब हल्ली पुणे, सातारा, नगरच्या बऱ्याच घरांत मांडले जातात, म्हणून हे एक सविस्तर लिहितो आहे. ओळख पटू नये यासाठी गावाचं नाव दिलेलं नाही आणि घरगुती तपशील थोडे बदलले आहेत. पगाराचे आकडे आणि नियम मात्र आहेत तसेच.

घर आणि माणसं

सासवडपासून थोडं आत, पुरंदर तालुक्यातलं गाव. दोन एकर रान. त्यातल्या अर्ध्या एकरावर अंजीर, बाकीचं पावसाच्या मर्जीवर. वडिलांना सगळे तात्या म्हणतात. आई, अकरावीतली मुलगी आणि थोरला मुलगा. मुलगा बारावी झाला, भरतीची ऑनलाइन परीक्षा आणि मैदान दोन्ही मारलं आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून अग्निवीर म्हणून खडकीला बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअर दलाच्या, केंद्रात ट्रेनिंगला लागला. पुण्याच्या पोराला पुण्यातच ट्रेनिंग, त्यामुळे आईला वाटलं की दर रविवारी डबा घेऊन जाता येईल. रिक्रूटला असं गेटबाहेर सोडत नाहीत, हे पहिल्या महिन्यातच कळलं.

तात्यांचे थोरले भाऊ मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गावात त्यांना मेजर म्हणतात. पेन्शन चालू आहे, दवाखान्यासाठी ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे, कॅन्टीनचं कार्ड आहे. त्यांचा मुलगा २०१९ मध्ये शिपाई म्हणून लागला, म्हणजे चार वर्षांच्या भरतीची अग्निपथ योजना येण्याच्या आधी. फौजेतली नोकरी म्हणजे काय, याची घरातली कल्पना या दोघांकडे बघून बनलेली. तिसराही त्याच वाटेनं जाणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

मी संरक्षण लेखा विभागात नोकरी केली. आता निवृत्तीनंतर खडकी-बोपोडीच्या बाजूला फौजींची पगारपत्रकं आणि पेन्शनचे कागद बघून देतो. मे २०२५ च्या अखेरीस, मुलाच्या ट्रेनिंगअखेरच्या कसम परेडच्या आधी, तात्या आणि मेजर दोघं आले. त्याआधी तात्या एकटेच गोळीबार मैदानाजवळच्या पीसीडीए, म्हणजे संरक्षण लेखा विभागाच्या, ऑफिसच्या गेटपर्यंत जाऊन आले होते. सगळ्या लष्कराचा पगार पुण्यातनंच निघतो, असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं. ते अर्धं खरं आहे. देशभरातल्या लष्करी अधिकाऱ्यांचे पगार तिथून निघतात. जवानांचा पगार ज्याच्या-त्याच्या रेजिमेंटल केंद्राला जोडलेल्या पे अँड अकाउंट्स ऑफिसमधून, म्हणजे पीएओमधून निघतो. गेटवरच्या माणसानं त्यांना नीट समजावून खडकीला पाठवलं. पण या फेरीत तात्यांच्या डोक्यात आणखी एक आकडा जाऊन बसला होता, ५६,१००. तो लेफ्टनंटचा सुरुवातीचा मूळ पगार आहे. मोबाइलवर आर्मीचा पगार शोधला की तोच आधी समोर येतो.

वहीचं पान

शंभर पानी वही, अक्षर मुलीचं. एका पानावर आकड्यांची उतरंड होती. वरती ‘पगार ४७,०००’, आणि त्यावर काट मारून ‘सध्या २१,०००’. खाली ‘४ वर्षांनी ११.७१ लाख’. त्याखाली ‘परमनंट, नंतर पेन्शन’. मग खर्चाची बाजू : ‘घर, कर्ज ८ लाख, हप्ता १०,३५०’ आणि ‘विमा ५,०००’. शेवटच्या ओळीत पेन्सिलनं ‘नऊ हजार कुठे?’

तात्यांनी बोट तिथेच ठेवलं. “साहेब, कागदावर तीस हजार, बँकेत एकवीस. मधले नऊ कोण खातंय?”

प्रश्न रास्त होता. मुलानं लष्कराच्या हमराज ॲपवरची पे-स्लिप काढून फोटो पाठवला होता, त्यात कपात स्पष्ट दिसत होती. तिचा अर्थ मात्र घरात कुणाला सांगता आला नव्हता. मेजर अनेक वर्षं फौजेत राहिले, पण ही कपात त्यांच्या काळात नव्हतीच.

नऊ हजारांचा माग

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत पगार ‘एकत्रित पॅकेज’ म्हणून ठरलेला आहे. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के दर महिन्याला अग्निवीर कॉर्पस फंडात जातात. हातात पडतात ते अनुक्रमे २१,०००, २३,१००, २५,५५० आणि २८,०००. कापलेले पैसे जवानाचेच राहतात, आणि तेवढीच रक्कम सरकार आपल्या बाजूनं त्या फंडात भरतं. म्हणजे पहिल्या वर्षी दरमहा नऊ त्याचे आणि नऊ सरकारचे. चार वर्षांत त्याचे ५,०२,२०० होतात, सरकारचेही तितकेच. मिळून १०.०४ लाख, आणि वर व्याज. हीच सेवा निधी. तिच्यावर आयकर नाही.

योजना जाहीर झाली तेव्हा व्याज धरून ११.७१ लाख असा आकडा सांगितला गेला होता, तोच वहीत उतरला. एक गंमत इथे सांगायला हवी. चार वर्षांत हातात पडणाऱ्या पगाराची बेरीज केली तर ती ११,७१,८०० येते. निव्वळ योगायोग, पण त्यापायी चांगली शिकलेली माणसंसुद्धा गोंधळतात. एकाला वाटतं चार वर्षांत मिळून एवढंच मिळणार, दुसऱ्याला वाटतं पगारातून कापलेलंच परत मिळणार. या दोन वेगळ्या रकमा आहेत.

नऊ हजारांचा उलगडा झाल्यावर तात्यांचा चेहरा सैल पडला. मेजरांचा नाही. त्यांचा प्रश्न दुसऱ्या आकड्याचा होता.

सत्तेचाळीस हजार कुठून आले

मेजरांच्या मुलाचा मूळ पगार शिपायाच्या २१,७०० पासून सुरू झाला आणि पाच वेतनवाढींनंतर २५,२०० वर आला. त्यावर लष्करी सेवा वेतन ५,२००. या दोन्हींच्या बेरजेवर महागाई भत्ता, तेव्हा जानेवारी २०२५ च्या दरानं ५५ टक्के, म्हणजे १६,७२०. एकूण ४७,१२०. पोस्टिंगनुसार मिळणारे भत्ते याशिवाय. यातून गटविम्याची वर्गणी जाते, भविष्य निर्वाह निधी जातो, त्यामुळे हातात बरंच कमी येतं. घरात मात्र बोलताना नेहमी वरचाच आकडा सांगितला जात होता. कोण सांगत नाही?

अग्निवीराच्या पॅकेजला महागाई भत्ता नाही आणि लष्करी सेवा वेतनही वेगळं नाही. दर सहा महिन्यांनी भत्त्याची बातमी येते तेव्हा तिचा या मुलाच्या खात्याशी संबंध नसतो. “आठवा वेतन आयोग येतोय की,” मेजर म्हणाले. आयोगाला मंत्रिमंडळानं जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी दिली हे खरं, पण अग्निवीराचं पॅकेज योजनेतच रुपयांत लिहिलेलं आहे. त्यात वाढ धरून कर्जाचा हप्ता ठरवायला कागदावर काहीच आधार नाही.

मग मी दोघांसमोर एक बेरीज मांडली. ती त्यांना अपेक्षित नव्हती. तेव्हा, मे २०२५ मध्ये, नवा शिपाई जुन्या पद्धतीनं लागला असता तर त्याला मूळ २१,७००, सेवा वेतन ५,२०० आणि ५५ टक्के महागाई धरून महिना ४१,६९५ मिळाले असते. वर्षाला एक वेतनवाढ धरली आणि महागाई भत्ता तिथेच थांबवला, तर चार वर्षांत २०.७९ लाख. अग्निवीराचे हातातले ११.७२ आणि सेवा निधीचे १०.०४ मिळून २१.७६ लाख, व्याज वेगळं. दोन्हीकडचे इतर भत्ते बाजूला ठेवले आहेत, आणि महागाई भत्ता वाढतच राहणार हे धरलं तर शिपायाची बाजू पुन्हा वर सरकते. तरी मुद्दा उरतोच. चार वर्षांपुरतं पाहिलं तर चुलतभावांमधला फरक घरात वाटत होता तेवढा नाही. अग्निवीराचा निम्म्याच्या आसपास पैसा शेवटी एकदम मिळतो, एवढंच. खरा फरक पाचव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात सुरू होतो. तिथे शिपायाचा पगार चालू असतो आणि अग्निवीराचा बंद झालेला असतो.

दोन दरवाजे, एक बेरीज

वहीतली खरी गडबड ‘११.७१ लाख’ आणि ‘परमनंट’ या दोन लागोपाठच्या ओळींत होती. घरच्यांनी दोन्ही एकत्र धरलं होतं.

चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात. जे घेतले जातात त्यांना पुढे किमान १५ वर्षं नोकरी, शिपायाचा पगार, महागाई भत्ता आणि पुढे पेन्शन असं सगळं मिळतं. पण त्यांना सेवा निधीतून फक्त स्वतःचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज मिळतं. सरकारचे ५.०२ लाख त्यांच्या वाट्याला येत नाहीत. जे बाहेर पडतात त्यांना दोन्ही हिस्से व्याजासकट मिळतात, पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. म्हणजे ईसीएचएस नाही आणि कॅन्टीनचं कार्डही नाही.

तेव्हा मोठी रक्कम हवी तर नोकरी संपते, आणि नोकरी राहिली तर मोठी रक्कम निम्मी होते. दोन्ही एकाच मुलाच्या नावावर कधीच जमा होत नाहीत. वहीत मात्र अकरा लाखांतून गोठा आणि बहिणीचं लग्न उरकलेलं होतं, आणि पेन्शनमधून तात्यांचं म्हातारपणही.

तिसरी शक्यता मेजरांनीच विचारली. मध्येच नको वाटलं तर? स्वतःहून सोडायला परवानगी अपवादात्मक परिस्थितीतच मिळते, आणि तशी मिळाली तरी हातात येतो तो तोपर्यंतचा स्वतःचा हिस्सा आणि व्याज. सरकारचा हिस्सा जातो.

“आपला पंचवीस टक्क्यांत येणार,” मेजर ठामपणे म्हणाले. येईलही. पोरगा चपळ आहे, ट्रेनिंगमध्ये चांगलं नाव आहे असं ऐकतो. पण बँकेचा हप्ता हा भरवसा कागद म्हणून घेत नाही. चारांतला एक होईल अशी आशा घरानं जरूर ठेवावी, हिशेब मात्र चारांतल्या तिघांचा मांडावा. यावर आमचं थोडं वाजलं. मेजरांना तो पुतण्यावरचा अविश्वास वाटला.

आठ लाखांचं कर्ज

जुनं घर मातीच्या भिंतींचं, पत्र्याचं. पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते. सहकारी बँकेत कर्जाची बोलणी पुढे गेली होती : आठ लाख, साडेनऊ टक्के व्याज, दहा वर्षं, हप्ता १०,३५० च्या आसपास. अर्जदार तात्या, सहकर्जदार मुलगा, आणि जोडलेला कागद म्हणजे मुलाची पे-स्लिप. पे-स्लिपवर नोकरीची शेवटची तारीख कुणी शोधत नाही.

जूनपासून हप्ता सुरू झाला असता तर मुलाच्या नोकरीचे ४१ महिने उरले होते. म्हणजे १२० हप्त्यांतले ७९ हप्ते नोकरी संपल्यावरचे. ४१ हप्ते वेळेवर भरले तरी ऑक्टोबर २०२८ च्या शेवटी मुद्दल सहा लाखांच्या वर शिल्लक राहिलं असतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त असतं. मग सेवा निधीतून ते फेडायचं, तर दहा लाखांतले सहा तिथेच गेले. बाहेर पडलेल्या पंचविशीच्या आतल्या मुलाच्या हातात उरणार चार लाख आणि व्याज. त्यात शिक्षण, धंदा, दुसरी नोकरी मिळेपर्यंतचा खर्च, सगळं आलं.

शिवाय दरमहाचं गणित. २१,००० मधून हप्ता १०,३५० आणि विम्याचे ५,००० गेले की राहतात ५,६५०. फौजेत राहणं-खाणं होतं, त्यामुळे एवढ्यात भागतं असं मेजरांचं म्हणणं. भागतं, पण जेमतेम. साबण, बूटपॉलिश, मोबाइलचा रिचार्ज, सुट्टीचं तिकीट, आणि विशीतल्या पोरानं मित्रांबरोबर कधी चहा-भजी खाल्ली तर तेही.

विमा

हा भाग लवकर उरकला. ओळखीतल्या एका एजंटनं ‘फौजींसाठी खास’ म्हणून पंधरा वर्षांची बचत पॉलिसी गळ्यात मारली होती. महिना पाच हजार. पॉलिसीचा कागद घरी येऊन दोन आठवडेही झाले नव्हते. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. परत केली.

अग्निवीराला नोकरीच्या काळात ४८ लाखांचं विमा संरक्षण आहे आणि त्यासाठी त्याच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही. चार वर्षं पगार असणाऱ्याला पंधरा वर्षांची हप्त्याची पॉलिसी विकणं यात बेकायदा काही नसेल, पण विकणाऱ्यानं किमान एकदा तरी चार आणि पंधरा हे आकडे शेजारी-शेजारी लिहून बघायला हवे होते.

मृत्यू आणि अपंगत्वाबद्दल मी तात्यांशी बोललो नाही. मेजरांना बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं, कारण घरात हे माहीत असणारं एक माणूस तरी हवं. कर्तव्याशी संबंधित कारणानं मृत्यू झाला तर विम्याच्या ४८ लाखांशिवाय ४४ लाखांचं सानुग्रह अनुदान, उरलेल्या काळाचा पगार आणि सेवा निधी मिळतो. सेवेमुळे अपंगत्व आलं तर त्याच्या प्रमाणानुसार एकरकमी ४४, २५ किंवा १५ लाख. कुटुंबाला पेन्शन मात्र नाही. मेजरांच्या तुकडीतल्या एका विधवेची पेन्शनची कागदपत्रं त्यांनीच फिरून करून दिली होती. ते बराच वेळ गेटकडे बघत राहिले.

भत्ते, सुट्टी आणि जाता-जाता

पॅकेजशिवाय जोखीम आणि खडतर भागाचा भत्ता, रेशन, गणवेश आणि प्रवास भत्ता अग्निवीराला लागू आहेत. यातला पहिला पोस्टिंगवर अवलंबून. सियाचीनमधल्या जवानाला २०१७ च्या निर्णयानुसार महिना ३०,००० भत्ता आहे, तोच जवान पुण्यात असेल तर शून्य. म्हणून उत्तरेत पोस्टिंग झाल्यावर खात्यात जास्तीचे पैसे येऊ लागले की घरच्यांनी त्यावर नवा हप्ता बसवू नये. पोस्टिंग बदललं की तो पैसा थांबतो. उलटंही होतं : जवान खडतर भागात पोहोचलेला असतो, पण त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे जवानाच्या नोंदीतला बदल कळवणारा कागद, निघालेली नसते, म्हणून भत्ता दोन-तीन महिने येत नाही आणि मग थकबाकीसह एकदम येतो. फौजेतल्या पगाराच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा याच ऑर्डरमध्ये सापडतं. पोरानं क्लार्कला ‘पैसे कधी येणार’ असं विचारू नये, ‘पार्ट टू निघाली का, नंबर काय’ असं विचारावं. मेजर इथे पहिल्यांदा मनापासून हसले.

सुट्टी वर्षाला ३० दिवस. मेजरांच्या मुलाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस किरकोळ रजा आहे. अंजिराच्या तोडणीला पोरगा येईल, असं तात्यांनी धरलं होतं. तेव्हा मजूर लावावे लागणार, हाही खर्चच.

कराचा प्रश्न या पगारात उद्भवत नाही. फंडात जाणाऱ्या रकमेसाठी आयकर कायद्यात २०२३ मध्ये ८०सीसीएच हे स्वतंत्र कलम आणलं गेलं. त्यामुळे कर वाचवायला म्हणून कुणी काही विकायला आलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

आईचं नाव

खरं कागदी काम निघालं ते नॉमिनेशनमध्ये. मुलानं भरतीच्या वेळी नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं होतं, ते त्याच्या दहावीच्या सर्टिफिकेटवरून. आईच्या आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर नावामागे ‘बाई’ लागलेलं आहे, आणि आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. घरात कुणालाच हे अडचणीचं वाटलं नव्हतं. एरवी अडतही नाही. पण ४८ लाखांचा विमा असो की सेवा निधी, पैसे देणारं ऑफिस कागदावरचं नाव आणि खात्यावरचं नाव अक्षराला अक्षर लावून बघतं. माझ्या नोकरीच्या काळात अशा एका ‘बाई’ साठी महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या फायली मी पाहिल्या आहेत.

तात्यांना म्हटलं, घराचं कर्ज महिनाभर थांबलं तरी चालेल, हे आधी करा. आईचं आधार दुरुस्त करायचं, त्यावरून पासबुक, आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. मग मुलानं ट्रेनिंग कंपनीच्या ऑफिसात अर्ज द्यायचा आणि नॉमिनेशनची दुरुस्ती पार्ट टू ऑर्डरमध्ये येऊ द्यायची.

मुलाला विचारलं तेव्हा

एवढं सगळं चाललं होतं आणि ज्याचा पगार त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. आठवड्यातून एकदा फोन मिळायचा. त्या वेळी तात्यांनी मोबाइल स्पीकरवर टाकून माझ्यासमोर ठेवला. पोरगा आधी ‘हो काका’, ‘नाही काका’ इतकंच बोलत होता. मग म्हणाला, “घर बांधायचंच आहे काका, पावसाळ्यात आईचं हाल बघवत नाही. पण मला पुढचं कायतरी शिकायचंय. चार वर्षांनी मी गावात नुसता बसलेला दिसलो तर लोक म्हणतील, फौजेनं काढून टाकला.”

मेजर फोनकडे वाकून म्हणाले, “असं कोण म्हणतंय? मी आहे ना.” पण त्यानंतर त्यांचा विरोध मावळला.

शिकण्याची सोय आहे. इग्नूचा अग्निवीरांसाठी पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात निम्मे गुण-भारांक (क्रेडिट) नोकरीतल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांना १० टक्के जागा राखीव ठेवण्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं, वयातही सवलत आहे. तिथेही परीक्षा द्यावी लागतेच, त्यामुळे वहीत त्याचे पैसे धरायचे नाहीत, तयारीचा खर्च धरायचा. सॅपर म्हणून शिकलेला हातचा धंदा, वीज, बांधकाम किंवा यंत्रं, बाहेर चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात किती उपयोगी पडेल हे ट्रेडवर ठरेल. माझ्या मते या मुलानं चौथ्या वर्षाची वाट न बघता दुसऱ्या वर्षीच पदवीला नाव घालावं.

ठरलं ते

आठ लाखांचा बेत सोडला. मागची भिंत, दोन खोल्या आणि स्लॅब, एवढंच आधी. त्यासाठी अडीच लाखांचं कर्ज, तीन वर्षांत फेडायचं. साडेनऊ टक्क्यांनी हप्ता ८,००० च्या आसपास बसतो. शेवटचा हप्ता मे २०२८ मध्ये, नोकरी संपण्याच्या पाच महिने आधी. बाकीचा खर्च तात्यांच्या अंजिरावर आणि मेजरांनी बिनव्याजी दिलेल्या उसनवारीवर. ती उसनवारी वहीत लिहायला मेजर तयार नव्हते. मी लिहायला लावली.

२१,००० चे वाटे असे पडले : ८,००० हप्ता, ३,००० घरी, ४,००० त्याच्या स्वतःच्या खर्चाला, आणि ६,००० त्याच्या एकट्याच्या नावावर रिकरिंग खात्यात. दर वर्षी पगार वाढेल ती वाढ रिकरिंगमध्येच जाईल, हप्त्यात नाही. मेजरांचा आग्रह भिशीचा होता, गावात चाळीस वर्षं चालू आहे म्हणून. भिशी चालवणारा माणूस चांगला आहे, पण पोराचं पोस्टिंग कुठे होईल ते माहीत नाही आणि भिशीच्या बैठकीला तात्याच जाणार. पैसा पोराच्या नावावर राहावा, एवढ्याच कारणासाठी रिकरिंग धरलं.

सेवा निधीचा आकडा वहीतून खोडायला लावला नाही. त्याच्यापुढे दोन रकाने पाडले. ‘बाहेर पडला तर’ : १०.०४ लाख आणि व्याज, पगार बंद. ‘आत राहिला तर’ : ५.०२ लाख आणि व्याज, पगार चालू. बहिणीच्या लग्नाचा खर्च दुसऱ्या रकान्यातल्या आकड्यावर मांडायचा, म्हणजे दोन्हीकडे पुरतो. हे मुलीनंच सुचवलं, आणि लग्न या शब्दावर काट मारून तिथे ‘कॉलेज’ लिहिलं. तात्या काही बोलले नाहीत.

पॉलिसीचे पैसे जुलैमध्ये परत आले, स्टॅम्प आणि तपासणीचा खर्च वजा होऊन. आईचं आधार दुरुस्त झालं. आडनावाच्या स्पेलिंगसाठी दोनदा केंद्रावर जावं लागलं. मुलाचं पोस्टिंग निघालं, तोवर नॉमिनेशनच्या दुरुस्तीचा अर्ज खडकीत दिलेला होता, पण ऑर्डर निघाली नव्हती. नव्या युनिटमध्ये पोहोचल्यावर त्यानं क्लार्कला पार्ट टू ऑर्डरचा नंबर विचारला. नंबर मिळाला, तो त्यानं फोटो काढून बहिणीला पाठवला आणि तिनं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला.